दुसरीच्या वर्गात मागे राहिलेली मुले, शाळा सुटल्यावरची शिकवणी आणि ओसरत चाललेली उमेद

प्रश्न
दुसरीच्या बाई, सिडको (नाशिक)

सर्वांना नमस्कार. मी सिडकोतील एका खाजगी अनुदानित मराठी शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवते. पटावर अठ्ठेचाळीस मुले आहेत. बहुतेकांचे पालक अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत कामाला आहेत. बरीच कुटुंबे धुळे-जळगाव, मालेगाव, सटाणा या भागांतून आलेली असल्यामुळे घरात अहिराणी बोलली जाते, आणि अलीकडे हिंदी बोलणाऱ्या घरांतील मुलेही आमच्याकडे येऊ लागली आहेत. वर्गातील तेरा-चौदा मुलांना काना-मात्रा नसलेले साधे शब्दही अजून सलग वाचता येत नाहीत, आणि त्यांच्या शेजारच्याच बाकावर बसणारी पाच-सहा मुले पुढचा धडा घरी वाचून आलेली असतात.

मागे राहिलेल्या मुलांना मी शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबवून घेते आणि त्यांच्याकडून पाठ्यपुस्तकातील धडा पुन्हा वाचून घेते. मुख्याध्यापकांची त्याला हरकत नाही. सुरुवातीला मुले आनंदाने थांबत होती. आता दिवाळीनंतर निम्मी मुले दप्तर भरून दारातच उभी असतात, आणि जी बसतात त्यांची प्रगती इतकी सावकाश होते आहे की ती मला दिसेनाशी झाली आहे. दिवसभराचा वर्ग, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन भरायची माहिती आणि त्यानंतर हा अर्धा तास, एवढे झाल्यावर घरी जाताना मनात समाधानाऐवजी नुसता शीण उरतो. त्यातच गल्लीतील दोन-तीन पालक आपल्या मुलांची शिकवणी घरी घ्यावी म्हणून मागे लागले आहेत. ते पैसे द्यायला तयार आहेत, आणि खरे सांगायचे तर तिथे चार मुलांना शांतपणे शिकवण्याची कल्पना मला मोह घालते.

माझे विचारणे दोन गोष्टींबद्दल आहे. शाळेनंतरच्या त्या अर्ध्या तासात नेमके काय करावे, म्हणजे मुले खरोखर पुढे सरकतील? आणि ज्यांनी पहिली-दुसरीचे वर्ग वर्षानुवर्षे सांभाळले आहेत त्यांनी आपली उमेद कशी टिकवली? प्रेरणादायी व्याख्याने मी पुष्कळ ऐकली आहेत. मला प्रत्यक्ष वर्गात उपयोगी पडेल असे काही हवे आहे.

उत्तर १
पेठ तालुक्यातील गुरुजी

ताई, आपला प्रश्न वाचून बरे वाटले, कारण आपण मुलांना "कच्ची" म्हटलेले नाही. मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहे. माझ्याकडे पहिली आणि दुसरी एकाच खोलीत बसतात, आणि शेजारच्या खोलीत माझे सहकारी तिसरी-चौथी सांभाळतात. आपल्या शाळेची आणि माझ्या शाळेची परिस्थिती वेगळी असली तरी एका खोलीत चार पातळ्यांची मुले असणे हा प्रकार दोन्हीकडे सारखाच आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

त्या अर्ध्या तासात आपण पाठ्यपुस्तकातील धडाच पुन्हा घेत असाल, तर मुले दारात उभी राहतात यात मला नवल वाटत नाही. ज्या मुलाला अक्षर ओळखून शब्द जुळवता येत नाही, त्याला दिवसभर न कळलेला धडा शाळा सुटल्यावर पुन्हा तसाच समोर येतो. सर्वांत आधी प्रत्येक मुलाला एकट्याला जवळ बसवून तोंडी चाचणी घ्यावी. एका कागदावर काही सुटी अक्षरे, काही सोपे शब्द, चार ओळींचा परिच्छेद आणि आठ-दहा ओळींची गोष्ट, एवढे पुरे. एका मुलाला तीन-चार मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होत असलेल्या ‘असर’ सर्वेक्षणात मुलांचे वाचन याच पायऱ्यांनी तपासले जाते: प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट. चाचणी संपली की इयत्ता, वय, पाठ्यपुस्तकाचा कितवा धडा चालू आहे हे सारे बाजूला ठेवून मुलांचे पायरीनुसार गट करावेत. आपल्या तेरा-चौदा मुलांत बहुधा दोन गट निघतील: अक्षरांवर अडलेला आणि अक्षरे येऊनही शब्दावर अडलेला. या दोन गटांना एकच काम देणे म्हणजे दोघांचाही वेळ घालवणे होय.

अक्षरगटाला क-ख-ग या क्रमाने शिकवण्याची गरज नाही. ज्या चार-पाच अक्षरांतून लगेच शब्द तयार होतात ती आधी द्यावीत, म्हणजे पहिल्याच दिवशी मूल ‘नळ’, ‘घर’, ‘मगर’ असे काहीतरी वाचून उठते. शब्दगटाला बाराखडीचा तक्ता समोर ठेवून रोज काही मिनिटे मोठ्याने वाचू द्यावे, आणि मग त्या तक्त्यातीलच अक्षरे उचलून शब्द तयार करण्याचा खेळ घ्यावा. मुले काहीही तयार करतात, हसतात, निरर्थक शब्दही करतात. ते होऊ द्यावे. ऱ्हस्व-दीर्घाची दुरुस्ती या टप्प्यावर मुळीच करू नये. पहिली आणि दुसरी वेलांटी उच्चारताना आपण मोठी माणसेही फारसा फरक करत नाही, आणि त्यावरून लाल शेरा मिळालेले मूल पुन्हा लिहायला धजत नाही. रफार आणि जोडाक्षरे परिच्छेद वाचता येऊ लागल्यावर घ्यावीत. या सगळ्याला धरून दर दिवशी एक छोटी गोष्ट आपण स्वतः बोट ठेवून मोठ्याने वाचून दाखवावी. ही गोष्ट मात्र सर्व गटांना एकत्र बसवून.

आता उमेदीविषयी. आमच्याकडे पेठ-सुरगाण्यात भात आणि नागलीची कापणी झाली की निम्मा पाडा दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे निघतो. आई-वडील छाटणी, विरळणी, खुडणी अशा कामांवर जातात आणि मुलेही त्यांच्याबरोबर जातात. शिक्षण हमी कार्ड देऊन आम्ही त्यांना तिकडच्या शाळेत जायला सांगतो. काही जातात, काही धाकट्या भावंडांना सांभाळत मळ्यातच राहतात. शिमग्याच्या सुमारास ती परत येतात तेव्हा शब्द वाचणारे मूल पुन्हा अक्षरावर आलेले असते. वर्षअखेरीच्या निकालावर मी माझे समाधान टांगले असते, तर ही नोकरी मला कधीच झेपली नसती. मी एक साधी वही ठेवली आहे. त्यात प्रत्येक मुलासाठी एक पान असते आणि त्या पानावर फक्त त्याला नव्याने काय आले ते तारखेसह लिहिलेले असते: "आज ‘कपाट’ स्वतः जुळवून वाचले." काय येत नाही ते या वहीत लिहायचे नाही, असा माझा नियम आहे. आठवड्याला एका मुलाच्या पानावर एक ओळ पडली तरी दोन महिन्यांनी पान उलटून पाहताना प्रगती डोळ्यांसमोर येते. आपण "प्रगती दिसेनाशी झाली" असे लिहिले आहे. माझ्या मते ती होत असणार, पण रोज त्याच मुलांकडे पाहणाऱ्याला ती लिहून ठेवल्याशिवाय दिसत नाही.

उत्तर २
निवृत्त केंद्रप्रमुख, पंचवटी

गुरुजींनी गटांविषयी लिहिले आहे ते पटण्यासारखे आहे. मी दोन वेगळ्या बाबी मांडते, आणि त्यांतील एक थोडी कडू आहे.

घरी पैसे घेऊन शिकवणी घेण्याचा विचार मनातून काढून टाकावा. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २८ नुसार कोणत्याही शिक्षकाला खाजगी शिकवणी घेता येत नाही. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. "सगळेच घेतात" हे उत्तर चौकशीच्या वेळी उपयोगाचे नसते. माझ्या सेवाकाळात अशा चौकशांचे कागद मी हाताळले आहेत आणि त्यांतून शिक्षकाला होणारा मनस्ताप मिळालेल्या पैशांच्या कितीतरी पट असतो. शाळेनंतर विनामोबदला मुलांना थांबवून घेणे ही वेगळी गोष्ट आहे, पण तेथेही मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि पालकांची संमती असावी. सहा-सात वर्षांचे मूल रोजच्यापेक्षा उशिरा एकटे घरी जाणार असेल, तर त्याची जबाबदारी कोणाची हे आधीच ठरलेले बरे.

दुसरी बाब अशी की मुळात हा अर्धा तास शाळा सुटल्यावर असूच नये. दुसरीतले मूल चार-पाच तास बसल्यावर भुकेलेले आणि पेंगुळलेले असते, आणि मैत्रिणी घरी निघालेल्या त्याला दिसत असतात. त्या वेळी त्याला थांबवणे ही त्याच्या दृष्टीने शिक्षाच ठरते, आपण ती कितीही प्रेमाने देत असलो तरी. वाचनाचा हा तास दिवसाच्या सुरुवातीला, परिपाठानंतर लगेच, शाळेच्या वेळेतच बसवावा. पाठ्यक्रम मागे पडेल अशी भीती आपल्याला वाटेल. परंतु वाचता न येणाऱ्या मुलासमोर पूर्ण झालेल्या पाठ्यक्रमाचा काय उपयोग, असा प्रश्न तपासणीला येणाऱ्या विस्तार अधिकाऱ्यांना आपणच विचारावा. त्यांच्याकडे त्याचे उत्तर नसते. शिवाय आज धोरण आपल्या बाजूने आहे. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचे उद्दिष्टच तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि पायाभूत गणित यावे हे आहे. दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचणे आणि ९९९ पर्यंतच्या संख्या ओळखणे ही त्यातील अपेक्षा आहे. वेळापत्रकात बदल मागताना याच कागदाचा आधार घ्यावा.

गुरुजींच्या वहीविषयी मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. शिक्षकाच्या डोक्यावर आधीच इतक्या नोंदवह्या आहेत की आणखी एक वही सुचवताना माझा हात अडखळतो. चांगल्या हेतूने सुरू झालेली नोंद पुढे तपासणीचा नमुना होऊन बसलेली मी अनेकदा पाहिली आहे. वही ठेवायचीच असेल तर ती स्वतःची ठेवावी आणि कोणालाही दाखवू नये.

आणि उमेद ओसरण्याचा सगळा दोष आपल्या मनावर घेऊ नये, हेही सांगते. त्याच कायद्याच्या परिशिष्टात प्राथमिक वर्गांसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण धरलेले आहे. शाळेची पटसंख्या दोनशेच्या वर असली तरीही ते चाळीसच्या पुढे जाऊ नये असे म्हटले आहे. कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढी कामे सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही. प्रत्यक्षात काय चालते ते आपण सारेच जाणतो. अठ्ठेचाळीस मुलांचा वर्ग घेऊन संध्याकाळी दमणे हा स्वभावाचा दोष नव्हे, आणि अशा थकव्यावर व्याख्यान हा उपाय नव्हे. वर्गखोली मिळत असेल तर तुकडी वाढवून मागा; संस्थेला लेखी मागा.

एक आठवण द्यावीशी वाटते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केले. मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी अंगणवाडी पाड्यावर नेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मुलाचा वेळ, त्याची भूक आणि त्याचे घरचे काम लक्षात घेऊन शाळेची वेळ ठरवण्याचा हा विचार आपल्याच राज्यात इतका जुना आहे, आणि तरीही आपण मुलांनीच आपल्या सोयीच्या वेळेला थांबावे असे धरून चालतो.

उत्तर ३
घरी शिकवणी घेणारी, इंदिरानगर

मी डी.एड. केले आहे, परंतु कोणत्याही शाळेत नोकरीला नाही. त्यामुळे वरच्या ताईंनी सांगितलेली अडचण मला लागू होत नाही. मी एका वेळी चार ते सहा मुलांपेक्षा जास्त घेत नाही. ज्या चार मुलांच्या शिकवणीचा आपल्याला मोह होतो तिचे चित्र दुरून दिसते तितके शांत नसते, एवढे आधी सांगते. पैसे देणाऱ्या पालकाला महिन्याभरात गुण हवे असतात, आणि चाचणीच्या आदल्या आठवड्यात मूल वाचायला शिकते आहे की उत्तरे पाठ करते आहे याची फिकीर फारशी कोणी करत नाही.

तरीही मोजक्या मुलांना शिकवण्यात ताकद आहे, हे खरे. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये असे मांडले होते की एकेकट्याने शिकवलेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातील जवळजवळ सर्व विद्यार्थ्यांच्या पुढे जातो. नंतरच्या अभ्यासांत एवढा मोठा फरक सहसा आढळला नाही, पण फायदा होतो हे पुन्हा पुन्हा दिसले. माझ्या समजुतीप्रमाणे त्याचे मुख्य कारण हे की चूक झाल्याबरोबर ती का झाली हे शिकवणाऱ्याला कळते. अठ्ठेचाळीस मुलांत ते कळायला दुसऱ्या दिवशी वही तपासावी लागते.

सर्वांनी वाचनाबद्दल लिहिले आहे, म्हणून मी अंकांबद्दल लिहिते. दुसरीतली मुले ‘त्र्याहत्तर’ ऐकून ३७ लिहितात आणि ‘सदतीस’ ऐकून ७३ लिहितात. पालक याला निष्काळजीपणा म्हणतात. प्रत्यक्षात मूल जे ऐकते तेच क्रमाने लिहीत असते: आधी तीन ऐकू येतात, मग सत्तर. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस करत एकोणनव्वदपर्यंत एक रीत चालते आणि नव्याण्णवला ती अचानक मोडते. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तर तीन’, ‘तीस सात’ असे वाचनही दिले तेव्हा केवढी टिंगल झाली, अगदी विधानसभेतही तो विषय निघाला. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष, गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर, यांनी त्यामागची भूमिका तेव्हा मांडली होती. मला ती पटली होती आणि मी आजही तसेच शिकवते. आधी दहाच्या नोटा आणि एकेक रुपयाची नाणी हातात देते. सात नोटा आणि तीन नाणी मोजून मूल ‘सत्तर तीन’ म्हणते, तसे लिहिते, आणि शेवटी "यालाच आपण त्र्याहत्तर म्हणतो" असे सांगते. खेळण्यातल्या नोटा मेनरोडवर सहज मिळतात; काड्यांचे गठ्ठेही चालतात, पण नोटांसाठी मुले जास्त वेळ बसतात.

उमेदीबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखे थोडेच आहे. प्रत्येक मुलाबरोबर दिवसातून एकदा तरी अभ्यास सोडून काहीतरी बोलायचे, एवढे मी पाळते. त्याचा फायदा मुलापेक्षा मलाच अधिक होतो.

उत्तर ४
एक पालक, अंबड

मी शिक्षक नाही, पण वरील चर्चेत पालकांचा उल्लेख बऱ्याचदा आला म्हणून लिहितो. माझी मुलगी सिडकोतल्याच एका शाळेत तिसरीत आहे आणि मी कारखान्यात पाळीने काम करतो. पालकसभेला जायचे म्हणजे अर्ध्या दिवसाची रजा टाकावी लागते, आणि तिथे गेल्यावर मुलीला काय येत नाही याची यादी ऐकून परत यायचे, असा आतापर्यंतचा अनुभव होता. यंदाच्या वर्गशिक्षिकांनी मात्र एकदा फोन करून सांगितले की तिने आज पूर्ण गोष्ट न अडखळता वाचली, घरी तिच्याकडून ती ऐका. त्या संध्याकाळी आम्ही घरातील सर्वांनी ती गोष्ट ऐकली. तेव्हापासून ती रोज काहीतरी वाचून दाखवते, भाजीवाल्याच्या गाडीवरची पाटीसुद्धा. आम्हाला इंग्रजी येत नाही, शुद्ध मराठी लिहितानाही विचार करावा लागतो, त्यामुळे "घरी अभ्यास घ्या" असे सांगितले की आम्ही गोंधळतो. "ऐका" असे सांगितले तर ते आम्हाला जमते.

मूळ विचारणाऱ्या बाईंचे पुढील म्हणणे
दुसरीच्या बाई, सिडको

आपण सर्वांनी इतका वेळ काढून लिहिले याबद्दल मनःपूर्वक आभार. कलम २८ विषयी मी नुसते कानावरून ऐकून होते. आता तो विषय माझ्यापुरता संपला. गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे मी तोंडी चाचणी घेतली. चौदांपैकी पाच मुले अक्षरांवर, सहा शब्दांवर आणि तीन चक्क परिच्छेदावर निघाली. ही तीन मुले वर्गात कधी तोंड उघडत नसल्यामुळे त्यांना वाचता येत नाही असे सर्वजण धरून चालले होते. त्यांपैकी दोघांच्या घरी अहिराणी बोलतात. एकाने गोष्टीतले वाक्य बरोबर वाचले आणि स्वतःचे सांगताना ‘मला’च्या जागी ‘माले’ म्हणाला, तेव्हा मागची मुले हसली. तो वर्गात गप्प का असतो याचा मला तिथेच उलगडा झाला.

यातून आणखी दोन प्रश्न निर्माण झाले आहेत. तिसरा मुलगा घरी हिंदी बोलतो. तो परिच्छेद घडाघडा वाचतो, पण वाचून झाल्यावर त्यात काय होते हे त्याला सांगता येत नाही. अशा मुलासाठी काय करावे? आणि सकाळच्या पहिल्या तासाला गट करायचे ठरवले, तर एकटीने चार गट एका वेळी कसे सांभाळायचे? पेठच्या गुरुजींकडे मुले कमी असतील असे मी धरून चालते आहे.

उत्तर ५
पेठ तालुक्यातील गुरुजी

होय, पट कमी आहे, ते कबूल. चार गटांचा प्रश्न मी मोठ्या वर्गाचा अनुभव असलेल्यांवर सोडतो.

त्या हिंदी बोलणाऱ्या मुलाविषयी लिहितो. वाचून झाल्यावर त्याला गोष्ट हिंदीत सांगू द्यावी. हिंदीत सांगता आली, तर त्याला अर्थ कळतो आहे आणि फक्त मराठी शब्द तोंडात बसायचे आहेत. मग काळजीचे कारण नाही. हिंदीतही सांगता आली नाही, तर तो अक्षरांचा नुसता उच्चार करतो आहे, आणि त्याला वाचायला देण्यापेक्षा ऐकवण्याची गरज जास्त आहे. रोज एक चित्र समोर ठेवून त्याच्याशी मराठीत गप्पा माराव्यात, त्याने म्हटलेली दोन-तीन वाक्ये आपण फळ्यावर लिहावीत आणि तीच त्याला वाचायला द्यावीत. स्वतः बोललेल्या वाक्याचा अर्थ कळत नाही असे सहसा होत नाही. आमच्या पाड्यावर कोकणा बोलीतील मुलांसाठी मी हेच करतो, आणि पाठ्यपुस्तकातल्या धड्यापेक्षा ही वाक्ये मुले पुन्हा पुन्हा मागून वाचतात.

‘माले’ म्हणणाऱ्या मुलाच्या बाबतीत आपण एक दिवस वर्गाला अहिराणीतली एखादी गोष्ट त्याच्याकडूनच ऐकवावी. घरी अहिराणी बोलणारी आपल्या वर्गात आणखी बरीच असतील; हसणाऱ्यांतही असतील.

उत्तर ६
निवृत्त केंद्रप्रमुख, पंचवटी

चार गट एकटीने सांभाळू नयेत. आपल्या शाळेत दुसरीच्या आणि तिसरीच्या मिळून किती तुकड्या आहेत ते आपण लिहिलेले नाही, पण अनुदानित शाळेत किमान तीन-चार तरी असाव्यात. त्या सर्व शिक्षिकांनी सकाळचा तोच तास वाचनासाठी ठेवावा आणि त्या तासापुरती मुले तुकड्या मोडून पायरीप्रमाणे वाटून घ्यावीत: एका खोलीत सर्व अक्षरगट, दुसऱ्या खोलीत शब्दगट, आणि याप्रमाणे पुढे. तास संपला की मुले आपापल्या वर्गात परत जातात. असे केल्याने प्रत्येकीकडे एकच पायरी येते. वाचता येणाऱ्या मुलांची खोली सर्वांत मोठी झाली तरी चालते, कारण ती मुले पुस्तके घेऊन बरीचशी आपली आपण वाचतात. अक्षरगटाची खोली मात्र लहान असावी आणि ती सर्वांत अनुभवी शिक्षिकेने घ्यावी. बहुतेक ठिकाणी याच्या नेमके उलट होते; नवीन आलेल्या शिक्षणसेवकाकडे अक्षरगट सोपवला जातो आणि मग तो गट वर्षभर तिथेच राहतो.

सहकारी तयार होतील का, ही अडचण खरी आहे. "माझ्या वर्गाची मुले तुझ्याकडे का पाठवू" हे वाक्य आपल्याला ऐकावे लागेल. म्हणून प्रस्ताव संपूर्ण शाळेसाठी मांडू नये. जिच्याशी आपले जमते अशा एकाच शिक्षिकेला बरोबर घ्यावे, दोघींनी महिनाभर दोन वर्गांपुरते करून पाहावे, महिन्याच्या सुरुवातीची आणि अखेरची तोंडी चाचणी एकमेकींच्या मुलांची घ्यावी, म्हणजे कोणी आपल्याच मुलांना सोपे विचारले असा संशय राहत नाही. ते दोन कागद घेऊन मुख्याध्यापकांकडे जावे. पुढच्या शिक्षण परिषदेत बोलण्याची संधी मिळाली तर तेथेही तेच दोन कागद दाखवावेत. जानेवारीत स्नेहसंमेलनाच्या तालमींमध्ये सकाळचा तास पहिल्यांदा कापला जातो, तेव्हा शक्य असेल तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच सुरुवात करावी.